जूनच्या शेवटी डिलिव्हरी आहे, कोल्हापूरच्या पावसात कापडी डायपर जमतात का?

पेठेतली_लेक

नमस्कार सगळ्यांना. मला जूनच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिलीय, पहिलंच बाळ, बाळंतपणाला माहेरी आलीय म्हणजे शिवाजी पेठेत आणि दिवाळीपर्यंत तरी इथंच असणार. प्रश्न कापडी डायपरचा आहे. माझी नणंद पुण्यात असते, ती तिच्या मुलीला ते टिचबटणवाले पॉकेट डायपर, म्हणजे आतल्या खिशात पॅड घालायचे, वापरते आणि म्हणते की ऑफर चालू आहे, वीसचा सेट घेऊन टाक म्हणजे विषय संपला. आई म्हणते त्यातलं काही नको, सुती साड्या काढून ठेवल्यात त्याची बाळुती करू, तुम्ही दोघं भावंडं त्यातच वाढलात. नवरा म्हणतो पहिले तीन महिने सरळ विकतचे वापर, तुला झोप तरी मिळेल. तिघंही माझ्या काळजीनंच बोलतायत त्यामुळं कुणाला नाही म्हणायचं तेच कळेना.

घर जुनं आहे, गच्ची नाही, मागं परसात पत्र्याखाली एक दोरी आहे आणि जुलै ऑगस्टमध्ये तिथं टॉवेलसुद्धा दुसऱ्या दिवशी दमटच लागतो. नळाचं पाणी ठराविक वेळ येतं, बाकी वापराला बोअर. मशीन सेमी ऑटोमॅटिक आहे. यूट्यूबवर जे जे बघितलं त्यात सगळ्यांकडं ड्रायर आहे, आमच्याकडं नाही. तर नेमकं काय घ्यायचं, किती घ्यायचं, पावसात वाळवायचं कसं आणि रॅश येतो का, एवढं सांगा. शक्यतो इथल्या पावसाळ्यात ज्यांनी प्रत्यक्ष वापरलेत त्यांनी सांगितलं तर बरं होईल.

राजारामपुरीची_आई

अगं पहिली गोष्ट, तो वीसचा सेट आत्ता घेऊ नको. डायपर वाईट आहेत असं नाही, मी स्वतः नंतर तेच वापरले, पण ते फ्री साइज असतात म्हणजे साधारण ५ किलोपासून पुढं बसतात. आपल्याकडं जन्मलेल्या बाळाचं वजन सरासरी २.८ किलोच्या आसपास असतं. एवढ्याशा मांडीला तो डायपर सगळ्यात लहान बटणावर लावला तरी बाजूनं फट राहते आणि शू सगळी दुपट्यावर. तुझं बाळ ५ किलोचं होईपर्यंत गणपती आलेले असतील, म्हणजे भर पावसाचे दोन महिने तो सेट कपाटातच बसणार.

आता वाळण्याचं, कारण खरी गोम तिथंच आहे. कुठलाही डायपर घे, त्यात काम दोनच असतात. आतलं कापड ओल पितं आणि बाहेरचं अडवतं. बाहेरचं जे असतं ना, ते पीयूएल म्हणतात त्याला, पॉलिस्टरच्या कापडाला मागनं पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, ते पाणी पीतच नाही त्यामुळं झटकलं की तासा दोन तासात वाळतं. वेळ लागतो तो आतल्या पॅडला. चार सहा थर एकावर एक शिवून टाकलेले असतात, वरनं हात लावला तर कोरडं आणि मधल्या थरात गारवा तसाच, आणि पावसाळ्यात तो गारवा दोन दिवस हटत नाही, मग कुबट वास सुटतो. ऑल इन वन म्हणून जो प्रकार येतो त्यात तर आतलं बाहेरचं सगळं एकत्रच शिवलेलं असतं, तो कोल्हापूरच्या जुलैत विसरायचा.

म्हणून मी सांगीन ते असं की आत घडी घालायचं पातळ सुती कापड आणि वरनं वेगळं कव्हर. कापडाचा मोठा चौकोन, घडी घातली की आठ थर होतात म्हणजे पिण्याची ताकद पॅडएवढीच, आणि धुवून दोरीवर उलगडून टाकलं की एकच थर, फॅनखाली रात्रीत खडखडीत वाळतो. तुझी आई म्हणते ती बाळुती म्हणजे हेच की, फक्त त्यावर कव्हर नव्हतं म्हणून दुपटी भिजायची. आईच्या साड्या आणि नणंदेचं कव्हर दोन्ही ठेव, कुणालाच नाही म्हणायला लागत नाही.

संख्या सांगायची तर सुरुवातीला दिवसाला दहा बारा वेळा बदलावं लागतं, कधी जास्तच. उन्हाळ्यात एका दिवसाचे दुप्पट पुरतात पण पावसात तिप्पट धर, म्हणजे तीस पस्तीस लंगोट किंवा चौकोन, आणि कव्हर चार पाच बास झाली. कव्हर प्रत्येक वेळी धुवायला लागत नाही, शी लागली नसेल तर पुसून वाळवून परत वापरायचं. नवजात साइजची कव्हरं वेगळी मिळतात, नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडून ठेवायची म्हणजे नाळेला ओल लागत नाही.

कव्हर घालताना एक बघत जा, कापडाची एक कड जरी बाहेर डोकावत असली तरी त्या कडेनं ओल झबल्यात चढते आणि मग लोक म्हणतात डायपर लीक होतो. मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, मांडीवर नको. पोटाशी दोन बोटं सहज जातील एवढं सैल.

करवीरची_आजी

पोरी, आई सांगत्या ते ऐक. मी चार लेकरं आणि सहा नातवंडं बाळुत्यात वाढवली. साडी बघून घे मात्र. सुतीच पायजे, आणि लई धुतलेली, हातात घेतली की मऊ लागंल अशी. हल्लीच्या साड्या दिसायला सुती आणि आत टेरिकॉट असतं, ते पाणी पीत न्हाई, नुसतं ओघळून जातं. वाटीभर पाण्यात एक कोपरा बुडवून बघायचा, पाणी सरसर वर चढलं तर ती साडी ठेवायची, न्हाईतर तिची गोधडी करायची. जरीचा काठ कापून टाक, बाळाच्या मांडीला चरतो.

दुसरं सांगते, बाळ मान धरायला लागलं की पायावर घ्यायला सुरू कर. दूध पिऊन झालं की थोड्या वेळानं, झोपंतनं उठलं की लगेच, आपण पाय लांब करून बसायचं, बाळाला दोन पावलांवर टेकवायचं आणि शूऽऽ करायचं. सुरुवातीला काय बी होत न्हाई, आठवड्या दोन आठवड्यात त्याला कळतं. शी जर तिथंच झाली तर बाळुत्याचा निम्मा तरास संपतो. माझ्या धाकट्या नातीची आई कामाला जात्या, तिनं सकाळच्या एका वेळेपुरतं केलं तरी शीची बाळुती धुवायला लागली न्हाईत.

आणि धुण्याभांड्याच्या मावशी येत असतील तर त्यांना बाळाचं धुणं सांगू नको. बाळुती ज्याच्या त्याच्या घरच्यांनीच धुवावीत. तुझ्या नवऱ्याला सांग, सुट्टीला आला की त्यानं धुवायची.

ओपीडी_सिस्टर

आजींचं पायावर घ्यायचं एकदम पटलं. मी लहान मुलांच्या ओपीडीत काम करते, रॅशबद्दल विचारलंय म्हणून लिहिते.

रॅश कापडानं येत नाही आणि विकतच्यानंही तसा येत नाही, तो येतो ओल आणि शी कातडीला जास्त वेळ लागून राहिली की. विकतच्या डायपरमध्ये जेल असतं ते ओल ओढून धरतं म्हणून कातडी कोरडी राहते, पण त्याच कारणानं आई सहा सहा तास बदलत नाही आणि मग त्रास होतो. कापडात ओल लगेच कळते म्हणून बदललं जातं. दिवसा दोन तासाला हात लावून बघायचं आणि शी झाली तर त्याच मिनिटाला बदलायचं, मग डायपर कुठलाही असो.

लाली दिसली तर कुठं आहे ते नीट बघा. फुगीर भागावर, म्हणजे कुल्ल्यावर, जिथं कापड घासतं तिथं लाल आणि घड्यांमध्ये कातडी चांगली, तर तो बहुतेक ओलीचा रॅश. उघडं ठेवायचं, पाण्यानं धुवून टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडचं क्रीम लावायचं, एक दोन दिवसात उतरतो. पण जांघेच्या घडीच्या आत गडद लाल आणि आजूबाजूला बारीक बारीक लाल ठिपके पसरलेले असतील तर ती बुरशी असू शकते, दमट हवेत ती जास्त दिसते. तिला साधं क्रीम पुरत नाही, डॉक्टरांना दाखवून बुरशीचं औषध घ्यावं लागतं. घरातली जुनी स्टेरॉइडवाली ट्यूब मनानं लावू नका, हे हात जोडून सांगते. पाणी भरलेले फोड, पू, ताप किंवा दोन तीन दिवसात फरक नाही तर वाट बघायची नाही.

पावडर नको. टाल्क असो नाहीतर मक्याची, भुकटी उडते आणि बाळाच्या श्वासात जाते, शिवाय घडीत ओली होऊन गोळे होतात. आणि बाळुती वाळत नाहीत म्हणून शेगडीवर धुरी देऊन वाळवतात काही घरात, तेही टाळा. बाळंतिणीच्या बंद खोलीतला धूर नवजात बाळाच्या छातीला वाईट. वाळवायला फॅन आणि इस्त्री वापरा. डेटॉलसारखं काही पाण्यात घालायची गरज नाही, ते नीट निघालं नाही तर कातडीला चरचरतं.

कापडाचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. पाचव्या सहाव्या दिवसानंतर बाळाला पोटभर दूध मिळत असेल तर चोवीस तासात निदान सहा लंगोट तरी चांगले ओले होतात. कापडात हे मोजता येतं. दूध पुरतं का म्हणून पहिलटकरणी घाबरून येतात तेव्हा आम्ही पहिलं हेच विचारतो.

कळंब्याचा_बाबा

ताई, आमच्या घरात धुण्याचं खातं माझ्याकडं आहे त्यामुळं त्यावर लिहितो, कारण कापडी डायपर घेऊन जे लोक सोडून देतात ते ९० टक्के धुण्यामुळंच सोडतात असं मला वाटतं. ‘वास येतो’, ‘पहिल्यासारखं पीत नाही’ ही वाक्यं ऐकशील, तेव्हा डायपरचा दोष क्वचितच असतो.

तुमच्याकडं बोअरचं पाणी आहे ना, मग आधी ते बघा. बाटलीत पाणी घ्या, थोडा अंगाचा साबण किसून टाका, हलवा. फेस न होता दुधी साका झाला तर पाणी जड आहे. जड पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण त्यांच्याशीच मिळून चिकट साका होतो आणि तो कापडाच्या धाग्यात बसतो. वरनं स्वच्छ दिसतं पण आत थर, त्यात शूचा अंश राहतो, आणि बाळानं परत शू केली की नाकात झिणझिण्या येतात असा अमोनियाचा वास. म्हणून वडीचा साबण बंद, डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड घ्यायचं, आणि नळाचं पाणी जेव्हा येतं तेव्हा बाळाचं धुणं काढायचं. आता थेट पाईपलाईनचं काळम्मावाडीचं पाणी येतंय ते बोअरपेक्षा कितीतरी हलकं आहे. बोअरशिवाय पर्याय नसेल त्या दिवशी चमचा दोन चमचे धुण्याचा सोडा आधी विरघळवून घ्या, त्यानं ते क्षार वेगळे होतात आणि पाणी हलकं होतं.

पद्धत आमची अशी. शी असेल तर गार पाण्याच्या धारेखाली लगेच काढायची, गरम पाणी पहिल्यांदा नको, डाग पक्का होतो. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते त्यामुळं सोपं असतं, सहा महिन्यानंतर वरचं खाणं सुरू झालं की आधी संडासात झटकायची आणि मग धार. शूचे लंगोट नुसते पिळून जाळीच्या बादलीत, पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, रात्रभर बुडवलं की तेच पाणी कुजतं. दुसऱ्या दिवशी एकदा थोड्या पावडरीत छोटं धुणं, ते घाण पाणी सोडून द्यायचं, मग पूर्ण पावडर घालून मोठं धुणं, शक्य असेल तर गरम पाणी, आणि दोनदा साध्या पाण्यातनं काढायचं. सेमी ऑटोमॅटिक यासाठी फुल्ल ऑटोमॅटिकपेक्षाही बरं कारण पाणी आपल्या हातात असतं आणि स्पिनर जोरात पिळतो. पावडर कमी घालायचा मोह होतो, बाळाचं आहे म्हणून, पण कमी पावडरीनंच घाण राहते. पूर्ण घाला आणि पूर्ण काढा.

कम्फर्टसारखं सॉफ्टनर अजिबात नाही. त्यानं धाग्यावर मऊ थर बसतो, कापड छान लागतं आणि पाणी पिणं बंद होतं. तेलाचंही तेच, आपल्याकडं बाळाला तेल चोळायची पद्धत आहे, ती चालू राहू दे पण चोळल्यावर आंघोळीपर्यंत जुनं दुपटंच गुंडाळा, चांगला लंगोट आंघोळ झाल्यावर. क्रीम लावलं असेल तर मध्ये एक पातळ कापडाची पट्टी टाका.

कव्हर सावलीत वाळवायची, इस्त्री नाही, उकळतं पाणी नाही, ६० अंशाच्या वर तो थर सुटायला लागतो. सुती कापड मात्र बिनधास्त उकळा, उन्हात टाका. पिवळे डाग राहिले तर घासत बसू नका, ओलंच उन्हात टाकलं की फिके पडतात. जुलैत ऊन कुठलं म्हणाल, तर उघडीप मिळेल तेव्हा, नाहीतर डाग असू देत, डाग म्हणजे घाण नव्हे.

वाळवायला पत्र्याखालची दोरी सोडा, बाहेरची हवाच ओली असते. घरात फोल्डिंग स्टँड घ्या, फॅनच्या बरोबर खाली लावा, कपडे एकमेकाला चिकटू देऊ नका, खिडकी थोडी उघडी म्हणजे दमट हवा बाहेर जाते. बाळ ज्या खोलीत झोपतं ती सोडून दुसरी खोली घ्या. सकाळी हाताला गार लागतील तेवढ्यांवर इस्त्री फिरवायची.

पेठेतली_लेक

एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, आजींचं वाटीतल्या पाण्याचं ऐकून ती लगेच साड्या घेऊन बसली आणि निम्म्या बाद झाल्या. त्यामुळं आता कापड विकत घ्यावं लागणार. कुठलं मागायचं? दुकानात नुसतं ‘सुती द्या’ म्हटलं की काहीही दाखवतात. आणि रात्रीचं काय करता तुम्ही सगळे, दर दोन तासांनी उठून बदलायचं का? बारशाला आणि नंतर बाळाला घेऊन गडहिंग्लजला मामाकडं जायचंय, एसटीत कसं जमवायचं?

वस्त्रनगरीकर

कापडाचं मी सांगतो, इचलकरंजीत आमचे माग आहेत.

मलमल मागा, पण फार विरळ नको. उजेडासमोर धरली की पलीकडचं माणूस ओळखू आलं तर ती ओढणीची मलमल, लंगोटाला उपयोग नाही, दोन धुण्यात तिरकी होते. त्यापेक्षा जरा भरीव केंब्रिक चालतं, आणि होजिअरी म्हणजे बनियनचं सुती कापड तर फारच चांगलं, ते ताणतं त्यामुळं बाळाच्या पायाशी नीट बसतं. पॉपलिन नको, घट्ट विणीचं असतं, पाणी उशिरा पितं आणि कडक लागतं. पीसी म्हणून सांगितलं तर घ्यायचंच नाही, पॉलिस्टर कॉटन मिक्स असतं. शंका आली तर एक धागा काढून जाळून बघा, सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

महत्त्वाचं म्हणजे नवीन कापड आणलं आणि शिवून लगेच बाळाला घातलं असं करू नका. मागावर जायच्या आधी ताण्याच्या सुताला सायझिंग करतात म्हणजे खळ देतात, नाहीतर मागावर सूत तुटतं. कोऱ्या, म्हणजे मागावरनं उतरलेल्या न धुतलेल्या, ग्रे कापडात ती खळ तशीच असते आणि कापसाचा मेणासारखा अंशही असतो. तेवढ्यामुळं नवीन सुती कापडावर पाणी नुसतं मोत्यासारखं घरंगळतं. कोरं असेल तर सोडा घालून उकळून घ्या, ब्लीच केलेलं पांढरं असेल तरी गरम पाण्यात पाच सहा वेळा धुवा. दर धुण्याला पिण्याची ताकद वाढत जाते. म्हणजे मे महिन्यातच आणून धुवायला लागा, ऊनही आहे.

चौकोन साधारण २७ इंचाचा ठेवा, ४५ इंच पन्ह्यात थोडं वाया जातं पण त्या कापातनं पुसायची फडकी होतात. नवजातासाठी थोडे लहान, २० इंचाचे करा म्हणजे पायात बोचका होत नाही. कडा ओव्हरलॉक करून घ्या, दुमडून शिवल्या तर त्या दुमडीत ओल राहते. गांधीनगरला होलसेलमध्ये तागा घेतला तर स्वस्त पडतं, दोघी तिघी मिळून घ्या. वजनावर कटपीस मिळतात इकडं, लंगोटाला ते उत्तम.

राजारामपुरीची_आई

रात्रीचं सांगते. पहिला दीड दोन महिना बाळ दूध प्यायला उठतंच, तेव्हाच बदलायचं, वेगळं उठायला लागत नाही. नंतर झोप लांबली की आत जास्तीचं पॅड लागतं. तेव्हा नणंदेचे पॉकेट डायपर कामाला येतात. त्यातले इन्सर्ट, म्हणजे खिशात घालायची पॅडं, कशाचे आहेत ते बघून घे. मायक्रोफायबर भराभरा पितं पण बाळ त्यावर बसलं की दाबून परत सोडतं, आणि ते थेट कातडीला लावायचंच नाही, कातडीचा ओलावा ओढून कोरडी खरखरीत करतं, नेहमी खिशाच्या आतच. हेम्प म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचं कापड, ते हळू पितं पण खूप धरून ठेवतं. म्हणून वर सुती किंवा मायक्रोफायबर आणि खाली हेम्प असं लावलं की रात्र निघते. वर फ्लीसची पट्टी टाकलीस तर कातडीला ओल जाणवत नाही, झोपमोड कमी. गणपतीनंतर असे चार पाच घे, ते पण एकाच कंपनीचे सगळे नको, एक दोन लावून बघ तुझ्या बाळाच्या मांडीला कुठला बसतो. सेकंड हँड पण मिळतात, इलॅस्टिक आणि आतला थर सुटलेला नाही ना एवढं तपासायचं.

उद्यमनगर_ड्युटी

मी थोडं वेगळं सांगणार आहे. मी बाळ पाच महिन्यांचं असताना कामावर परत गेले, घरी सासूबाईंचे गुडघे दुखतात, मी दिवसा कापडी आणि रात्री व प्रवासात विकतचे वापरले. मला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही आणि तूही वाटून घेऊ नको. बाळंतपणानंतर पहिले पंधरा दिवस टाके असताना, अंगात बळ नसताना घरात धुणारं माणूस नसेल तर विकतचे वापर, आईची झोप हाही बाळाच्या तब्येतीचाच भाग आहे. नवरा म्हणतो ते अगदीच खोडून काढू नको.

पर्यावरणाचं लोक सांगतात तेही पूर्ण बघावं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये हिशोब मांडला होता, एका मुलाचे अडीच वर्षांचे विकतचे डायपर धरले तर सुमारे ५५० किलो कार्बन आणि कापडी धरले तर सुमारे ५७०, म्हणजे जवळजवळ सारखंच. कारण तिकडं गरम पाणी आणि ड्रायर. पण तिथंच पुढं लिहिलं होतं की मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलाला वापरले तर कापडीचा आकडा २०० किलोनं खाली येतो. आपण दोरीवरच वाळवतो, आणि आपल्याकडं एकाची बाळुती दुसऱ्याला जातातच. म्हणजे कापडी घ्यायचे तर जपून, कमी घे, नवे नवे प्रिंट जमवायला लागलं की फायदा गेला.

विकतचा टाकताना शी संडासात झटकून, डायपर गुंडाळून कागदात बांधून वेगळा द्यायचा, २०१६ च्या घनकचरा नियमात असा गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. जयंती नाल्याच्या कडेला उघडे पडलेले डायपर बघितले की जीव तुटतो, तेच पाणी पुढं पंचगंगेला जातं.

एसटीचं म्हणशील तर गडहिंग्लजला एवढ्या वेळात एकदाच बदलायला लागतं. जाताना विकतचा लाव, सोपं पडेल. कापडीच घालायचा असेल तर दोन घड्या तयार करून कव्हरमध्ये बसवूनच पिशवीत ठेव, तिथं बसल्या जागी घडी घालत बसू नको. ओल्याला पीयूएलचीच चेनवाली पिशवी मिळते, वास बाहेर येत नाही.

कळंब्याचा_बाबा

एक राहिलं, पेठेत आहात म्हणून सांगतो. विकतच्याचं एक मोठं पाकीट घरात ठेवाच, नवजात साइजचं आणि त्याच्या पुढच्या साइजचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हा उपसा केंद्रात पाणी शिरून शहराचा पाणीपुरवठा दिवसेंदिवस बंद होता, टँकरच्या रांगा होत्या. तेव्हा प्यायला पाणी नाही तिथं लंगोट कुठं धुणार. लाइट गेली तर बोअरही बंद. तुमचं बाळ नेमकं त्याच महिन्यात असणार आहे.

पेठेतली_लेक

हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, घरात दोन्ही पाकिटं आणून ठेवतो.

ठरवलंय ते असं. साड्यांतनं वीसेक निघतील, बाकीचं होजिअरी आणि केंब्रिक गांधीनगरला बघते, माझी चुलतबहीण पण सातव्या महिन्यात आहे म्हणून दोघींचा मिळून तागा घेऊ. नवजात साइजची पाच कव्हरं मागवते. नणंदेला सांगितलं की सेट आत्ता नको, गणपतीला तिच्याकडचे वापरलेले दोन दे, लावून बघते, तर ती उलट खूश झाली. बाटलीत साबण घालून हलवून बघितलं, साकाच झाला, म्हणजे बाळाचं धुणं नळाच्या पाण्यातच.

@वस्त्रनगरीकर, होजिअरीच्या कडा पण ओव्हरलॉकच करायच्या ना? शिंपीकाका म्हणतायत की ते कापड कापलं की कड गुंडाळते, उसवत नाही, तशीच ठेवली तरी चालते.

वस्त्रनगरीकर

काका बरोबर सांगतायत, होजिअरी नुसती कापली तरी उसवत नाही. फक्त गुंडाळलेल्या कडेत ओल धरते म्हणून वाळत टाकताना कडा हातानं सरळ करायच्या. केंब्रिकला मात्र ओव्हरलॉक पाहिजेच. आणि शिवायच्या आधी कापड एकदा गरम पाण्यात काढा, दोन्ही आटतात, होजिअरी जरा जास्तच, त्यामुळं तिचे चौकोन दोन इंच मोठेच कापायला सांगा.